निरोप, दुपारी एक वाजता

बारा पंचावन्नला प्रोग्रॅम आपोआप जागा होतो.
पाच मिनिटं आधीच, कारण रेडिओ एस्तुआरिओचं घड्याळ
एर्नाल्दोच्या जेवणावर चालतं.
मी तेव्हा कारखान्यात, पांढऱ्या गमबुटांत,
सामन माशाच्या पाठीतले काटे चिमट्यानं उपसत असते.
घरी, शिवणयंत्राशेजारी, भावाचा जुना लॅपटॉप
माझ्या वाटणीचं ऐकून ठेवतो.

संध्याकाळी आले की आधी फाईल, मग चूल.
अठ्ठावीस मेगाबाइट म्हणजे सगळं नीट.
चार म्हणजे वाऱ्यानं लाईन तोडली.
शून्य म्हणजे अख्ख्या केल्लोनमध्ये अंधार होता.

एर्नाल्दो वाचतो:
सेगुंदोला कळवा, घोडा गुरुवारी धक्क्यावर आणावा.
मेल्लाल्का बाईंचं पित्ताशय काढलं, काळजी नसावी.
एलेउतेरिओ कार्काम यांना मुलीचा निरोप:
पीठ आणि रॉकेल शुक्रवारच्या बोटीनं.
गुडघ्याला तेल लावा. मी बरी आहे.

बाबांच्या खाडीत टॉवर नाही.
त्यांना फक्त ऐकता येतं.
उलट टपाल नाही, म्हणून ही फाईल हीच माझी पोचपावती.
शुक्रवारी सहा ते सात नगरपालिकेचा कॅमेराही टिपून ठेवते:
धक्का, पाऊस, एक पिवळा रेनकोट,
आणि नेमकं नेट अडखळतं तेव्हा
आमचं पोतं बोट आणि जमिनीच्या मध्ये
लटकून राहतं.

सेटिंगमध्ये एक ओळ होती:
दोन सेकंद शांतता आढळल्यास नवी फाईल.
कुणाच्या मरणाची बातमी आली की
एर्नाल्दो आधी चष्मा पुसतो.
तेवढ्यात प्रोग्रॅम कापून मोकळा.
माझ्याकडे गावातलं प्रत्येक मरण
वेगळ्या फाईलीत, पहिल्या अक्षरापासून सुरू होतं.
ते सेटिंग मी कधी बदललं नाही.

ऑगस्टात रजा मिळाली, तशी गेले.
रेडिओ खिडकीत होता, नेहमीच्या जागी.
मागचं झाकण उघडलं तर
बॅटऱ्या फुटून हिरवट मीठ झालेल्या.
नाताळापासून बंद आहे, बाबा म्हणाले,
जसं कुणी दाराची कडी मोडलीय म्हणावं.

नाताळापासून.
दोनशे अकरा फाईली, तारीखवार, एकही तुटलेली नाही.

मग पिठासाठी धक्क्यावर कसे यायचात?
ब्रुनिल्दा सांगते ना.
पलीकडच्या काठावरून, दोन वाजता, वल्हं मारत.
तू हल्ली पुन्हा हसायला लागलीयस म्हणाली.
केस कापलेस म्हणाली.
आईच्या लोकरीचा तो स्वेटर अजून उसवला नाहीयेस म्हणाली.

मी यातलं काही कळवलं नव्हतं.
केस मात्र कापले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली, भिजलेली, बटाट्यांची पिशवी घेऊन.
मी फोन पुढे धरला, लाल ठिपका लावला,
म्हटलं, माझा निरोप बाबांना सांगता तसा सांगा.
तिनं ओठ मिटले. पदरचं घालणारी बाई
चोरी पकडल्यासारखी लाजली.
म्हणाली, पोरी, एर्नाल्दो वाचतो ते एवढंसं.
बाकीचं मला होडीत बसल्यावर सुचतं.
फोनमध्ये उरली चाळीस सेकंदं:
छपरावर पाऊस, आणि बाबांचं खोकणं.

नव्या बॅटऱ्या घालून आले.
सेगुंदो सांगतो, म्हातारा रेडिओ लावतो,
आणि एक वाजता बंद करतो.

परवा स्क्रीनवर आलं: डिस्क भरत आली,
जुन्या फाईली काढायच्या का?
मार्च काढला. मग परत आणला.
मग नुसतीच बसले, कर्सर लुकलुकत.

आज निरोप लिहून दिला:
पीठ, रॉकेल, मेणबत्त्या नाहीत मिळाल्या.
खाली एक ओळ कोरी ठेवली.
एर्नाल्दो तिथवर आला,
काही चुकलंय का म्हणून थांबला,
कागद उलटल्याचा आवाज आला.
प्रोग्रॅमनं तिथं
नवी फाईल उघडली.